माझ्या सत्काराचं थंड दूध

"मॅडम, लोकांचे जुलाब तुम्ही डबीत भरून नेता, तर त्यात नेमकं शोधता काय?"

तोंड माझं होतं, आवाज माझा होता, पण प्रश्न ढोलचा. ढोल माझ्या बाकावर बसते. ती कुजबुजली तरी शेजारच्या वर्गात ऐकू जातं, म्हणून ढोल. आरोग्य खात्याच्या मॅडम शाळेत येणार म्हटल्यावर तिने आणि मागच्या बाकाने मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. "वक्तृत्वाचा कप घेऊन मिरवतेस ना? मग अख्ख्या शाळेसमोर 'जुलाब' म्हणून दाखव. बघू किती दम आहे!"

मला दम आहे का, हे विचारायचे दिवस गेले आता. पूर्वी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज घशातच बसकण मारायचा. मग वर्गाच्या बाईंनी मला जबरदस्तीने स्पर्धेत ढकललं, मी थरथरत उभी राहिले, आणि बोलता बोलता लक्षात आलं की लोक ऐकतायत. सगळेच! तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. आई म्हणते, या मुलीचं बटण अडकलंय.

सभागृहात हशा पिकला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तिथेच विरघळायला हवं होतं. पण मॅडमना काहीच वाटलं नाही. उलट त्यांचा चेहरा खुलला. त्यांना कुणीतरी कामाचं विचारलं होतं ना!

"जंतू शोधतो," त्या म्हणाल्या. "साल्मोनेला नावाचा. तुम्ही म्हणाल, तो तर अंड्यांत असतो, कोंबड्यांत असतो. खरं आहे. पण त्याच्या खूप जाती आहेत. तुमच्या शाळेतल्या आजारी मुलांमध्ये जी जात सापडली, ती जास्त करून गाईगुरांत असते. त्यातही लहान वासरांत. माणसाला लागली की कधी कधी ती पोट बिघडवून थांबत नाही, रक्तात शिरते. आणि नेहमीच्या औषधांना ती दाद देत नाहीये."

"मग चिमणीचं काय?" हा प्रश्न मात्र माझा होता. पैजेबाहेरचा.

चिमणी म्हणजे आमच्या बाकावरची तिसरी. पाठीवरचं दप्तर काढलं तर वाऱ्याने उडेल इतकी बारीक. आजारी पडलेली बाकीची मुलं दोन-चार दिवस लोळून परत आली होती. चिमणी अजून हॉस्पिटलमध्येच होती. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर औषधं बदलून बघतायत. जंतू कुठल्या जनावरातून आला आणि त्या जनावराला आधी कोणती औषधं पाजली होती, हे कळलं तर बरं होईल. जी औषधं त्याने पचवली आहेत, ती चिमणीला देण्यात वेळ जाणार नाही. आणि वेळ फार नाहीये. कुणाला काही आठवलं तर आरोग्य केंद्रात या. संध्याकाळी उशिरापर्यंत असते मी."

मी खाली बसले. बसताना पाहिलं तर अर्ध्या सभागृहाने माना वळवल्या होत्या. माझ्याकडे.

कारण आमच्याकडे वासरं आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. दूध-बिध आम्ही विकत नाही. डेअरीवाल्यांना नको असलेली, नुकती जन्मलेली वासरं बाबा दलालाकडून घेतात, बाटलीने दूध पाजून मोठी करतात आणि गोठेवाल्यांना विकतात. घरामागे लांबच लांब शेड आहे, त्यात कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यातून एक ओलं नाक बाहेर. मी लहानपणापासून त्या नाकांशी गप्पा मारत आलेय. भाषणाचा सरावसुद्धा त्यांच्यासमोरच करायचे.

"तुमच्या वासराने चिमणीला चावलं असेल," ढोल माझ्या कानात म्हणाली. म्हणजे सगळ्यांनीच ऐकलं.

"वासराला वरचे पुढचे दातच नसतात, अकलेच्या कांद्या! चावणार कशाने?"

"मग चाटलं असेल."

"चिमणी वासरांना घाबरते. आमच्या फाटकाच्या आत एकदा तरी आलीय का ती?"

ढोल गप्प झाली. पण मीच मला गप्प करू शकले नाही. खरंच, चिमणी कधी आली नव्हती. आजारी पडलेल्यांपैकी कुणीच आमच्या शेडकडे फिरकलेलं नव्हतं. मग वासरांतला जंतू आमच्या वर्गात आला कसा?

तोपर्यंत अख्ख्या शाळेने निकाल लावून टाकला होता की हे कॅन्टीनवाल्या मावशींचं काम. आजारी पडलेल्या सगळ्यांनी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये काही ना काही खाल्लं होतं, आणि मावशींची अंड्याची सँडविचेस सगळ्यांनाच आवडायची. झालं! कॅन्टीनला कुलूप. मावशी नखं कापत नाहीत, मावशी फडकं धूत नाहीत, मावशींच्या फ्रिजमध्ये उंदीर राहतो... ज्यांनी आदल्या आठवड्यात उधारीवर सँडविच खाल्लं होतं, तेच हे सांगत सुटले होते. मावशी रोज येऊन बंद दारासमोरच्या पायरीवर बसायच्या. मी जवळून गेले की मान वर करायच्या नाहीत. आधी मला वाटायचं, त्यांना लाज वाटते. आज सभागृहातून बाहेर पडताना त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर लाज वाटलेल्या माणसाची नव्हती.

मी थांबले. "मावशी, काय झालं?"

"काही नाही गं बाई. त्या दिवशी तुझ्या घरून दुधाचा कॅन आला होता, एवढंच मी त्या मॅडमना सांगितलं. जंतू वासरांतला हे कळायच्या आधीच त्या तुझ्या आईला भेटूनही आल्या. तुझी आई म्हणाली, दूध पाकिटाचं, चॉकलेट पावडर बंद डब्यातली, आम्ही घरीही त्याच पाकिटाचं पितो. मग काय! तुझी आई शिकलेली, नीटनेटकी. आणि मी अंडी सोलणारी."

तो कॅन! माझ्या सत्काराचा! मी कप जिंकले म्हणून आईने अख्ख्या वर्गासाठी चॉकलेटचं थंड दूध करून पाठवलं होतं. कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये ठेवलं, कॅन्टीनच्याच ग्लासांत वाटलं. मला मात्र थेंबही मिळाला नाही, कारण मुख्याध्यापकांनी मला स्टाफरूममध्ये भाषण पुन्हा करून दाखवायला नेलं. परत आले तर चिमणी ओठांवरची तपकिरी मिशी पुसत म्हणाली, "तुझा ग्लास मी प्यायले. गरम होत होतं गं." आणि वर म्हणाली, "कसलं भारी केलंय तुझ्या आईने! वरपर्यंत फेस. आणि एक गुठळी नाही!"

त्या वेळी मी नुसती फुशारले होते. आता घरी जाताना ते वाक्य माझ्या डोक्यात खड्यासारखं टोचायला लागलं. माझ्या आईच्या चॉकलेट दुधात गुठळ्या नाहीत? अशक्य! आई दिवसभर शिवणाच्या कारखान्यात असते, तिचं मनगट कायम दुखत असतं. ती चमचा चार वेळा फिरवते आणि म्हणते, पिताना हलवून घे. आमच्या घरी तळाचा गाळ चमच्याने खरवडून खायची पद्धत आहे. एवढा मोठा कॅन तिने फेसापर्यंत घुसळला, तो कशाने?

फाटकातून आत शिरले तर शेडमधून फिनेलचा भपका. बाबा दारातच उभे, हातात चुन्याची बादली.

"इकडे येऊ नकोस. ओलं आहे."

"मला ओलं काय नवीन आहे? बाटल्या पाजायला आले होते."

"नको म्हटलं ना. अभ्यास कर."

स्पर्धेच्या आधीपासून हे असंच चाललं होतं. "तू भाषणाची तयारी कर, शेडचं मी बघतो." तेव्हा मला कोण आनंद झालेला! बाबा माझ्यासाठी एवढं करतायत! पण स्पर्धा होऊन गेली, कप कपाटावर चढला, तरी शेडचं दार माझ्यासाठी बंदच.

"बाबा, मखमल कुठेय?" मखमल म्हणजे माझं लाडकं वासरू, कानावर पांढरा ठिपका असलेलं. नेहमी दारातूनच तिचं नाक दिसायचं.

"विकली."

"इतक्यात? ती अजून बाटलीवर होती!"

"एकाला हवी होती, दिली. बाकीचीही उद्या सकाळी जातायत. गाडी सांगितलीय." आणि त्यांनी बादली अशी आपटली की चुना पायांवर उडाला.

बाटलीवरची वासरं बाबा कधीच विकत नाहीत. 'दूध सुटल्याशिवाय वासरू दारातून हलवायचं नाही' हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. कुठेतरी पाणी मुरत होतं. ते मला नुसतं वाटत नव्हतं, आता वासही येत होता.

बाबा पाइप गुंडाळायला विहिरीकडे गेले आणि मी मागच्या झडपेतून आत शिरले. आधी वाटलं, शेड रिकामीच आहे, इतकी शांतता. एरवी माझी चाहूल लागली की अर्धी शेड हंबरते. आता वासरं होती, पण बसलेली. डोळे खोल गेलेले, शेपट्यांखालचे केस चिकटून वाळलेले. हगवण. मला कुणी शिकवायला नको, मी वासरांतच वाढलेय. मखमलच्या कप्प्यात नवीन पेंढा होता आणि चुन्याचा जाड थर. विकलेल्या वासराच्या कप्प्यात एवढा चुना कुणी टाकत नाही.

मखमल विकलेली नव्हती. पण बटण अडकलेलं असलं की एक फायदा असतो, डोकंही चालू राहतं. मी भिंतीकडे बघितलं. कप्प्यांच्या अगदी वर, खिळ्याला बाबांचं ड्रिल मशीन टांगलेलं होतं.

या ड्रिलबद्दल सांगायलाच हवं. वासरांची दूध पावडर पाण्यात कालवताना गुठळ्या होतात आणि गुठळ्या झाल्या की वासरं बाटली ओढत नाहीत. म्हणून बाबांनी स्टीलच्या एका लांब दांड्याला खाली रवीसारख्या तारा जोडल्या आणि तो दांडा ड्रिलमध्ये बसवला. बटण दाबलं की भर्रर्र! बादलीभर दूध क्षणात लोण्यासारखं. "एक गुठळी दाखव, मिशी काढीन," असं ते दलालांना सांगतात. त्या ड्रिलला हात लावायची घरात कुणालाच परवानगी नाही. आईला तर अजिबात नाही, कारण तिने एकदा त्याने पडद्याच्या दांडीसाठी भोक पाडायला जाऊन भिंतीचा पोपडा पाडला होता.

आता खिळ्याला नुसतं ड्रिल होतं. दांडा नव्हता.

मी टाचा उंचावून बघितलं. दांडा जिथे बसतो त्या तोंडाभोवती पिवळट पापुद्रा जमला होता. वाळलेलं दूध, शेण, वासराच्या शिंका, काय काय ते देव जाणे. मी हात लावला नाही. फुंकर मारली तरी त्याचा चुरा खाली पडला.

तिथून थेट स्वयंपाकघर. आई नुकतीच कामावरून आली होती, मनगटाला पट्टी गुंडाळत होती. ओट्याच्या मागे, मोठ्या डब्यांच्या फटीत, स्टीलचा तो दांडा चकचकीत उभा!

"आई, माझ्या सत्काराचं दूध तू कशाने घुसळलंस?"

आईची पट्टी हातातच राहिली. "हळू बोल. बाबा कुठेत?"

"विहिरीवर. आई, ड्रिलने?"

"अगं, एवढा मोठा कॅन! माझ्या हाताने होतंय का? त्या दिवशी पहाटे बाबा चाऱ्याला गेले होते, म्हटलं पटकन फिरवून घ्यावं. मग दांडा परत लावायचा राहिला. बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला काय माहीत. त्यांनी दुसरा केला, तो धुऊन वेगळा ठेवतात म्हणे." मग माझा चेहरा बघून ती चिडलीच. "अशी काय बघतेस? मी काय घाणेरडी आहे? दांडा उकळत्या पाण्यात घातला होता, चांगला खळखळ! तारा न् तारा घासली होती."

"आणि ड्रिल?"

"ड्रिलला पाणी कसं लावणार? विजेचं आहे ते. पुसून घेतलं वरून."

"मॅडमना सांगितलंस हे?"

"ड्रिलचं काय सांगायचं त्यात? त्यांनी दूध कुठलं ते विचारलं, मी सांगितलं. आणि आपली वासरं काय आजारी आहेत?"

म्हणजे ड्रिल भर्रर्र फिरताना तो पिवळट चुरा थेट कॅनमध्ये पडला होता. घरी येताना सगळ्या वाटेने मी एकच विचार करत आले होते, की हे दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवतायत. दारं बंद, आवाज बारीक, प्रश्नांना आडवी उत्तरं. पण आईला वासरांची हगवण माहीतच नव्हती! ती सकाळी अंधारात जाते, संध्याकाळी थकून येते, शेडकडे बघतच नाही. आणि बाबांना ड्रिलचं माहीत नव्हतं. दोघंही एकमेकांपासूनच लपवत होते, आणि दोघांच्या मधे चिमणी पडली होती.

"बाबा!" मी अशी ओरडले की विहिरीवरची कबुतरं उडाली असतील.

बाबा धावत आले. मी आधी आईचं सांगितलं. आईला सांगू दिलं नाही, नाहीतर तिने ते दुपट्यात गुंडाळून सांगितलं असतं.

"माझं ड्रिल?" बाबा गरजले. "तुला कितीदा सांगितलंय..."

"बाबा, ड्रिल राहू दे. मखमल विकली नाहीये ना?"

 बाबा स्टूल ओढून बसले. चुन्याने त्यांचे हात पांढरे झाले होते आणि ते हातांकडेच बघत राहिले.

"गेली," शेवटी ते म्हणाले. "आणखीही गेली. या खेपेची वासरं आलीच ती हगवण घेऊन. दलाल म्हणाला, प्रवासाने होतं. बरोबर औषधाची बाटली दिली, म्हणाला, दुधात सगळ्यांना थोडं थोडं पाज, दोन-तीन दिवस. पाजलं. जरा बरी वाटली तशी थांबवलं. पुन्हा झालं. पुन्हा पाजलं."

"जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं नाहीत?" आईने विचारलं. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"बोलावलं असतं तर बभ्रा झाला असता. मग कोण घेणार आपली वासरं? मला काय माहीत तू त्या ड्रिलने पोरांचं दूध..."

"आणि मला काय माहीत तुम्ही त्या शेडमध्ये..."

"थांबा!" मी म्हटलं. थांबले. दोघंही! ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. "बाटली कुठेय?"

बाबांनी कोनाड्यातून तपकिरी बाटली काढली. तळाला थोडं औषध उरलेलं. लेबल अर्धं भिजलेलं, पण नाव वाचता येत होतं. मी ती पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि हात कोपरापर्यंत साबणाने धुतले. सभागृहात मॅडमनी शिकवलं होतं तसे. माझ्या मागे त्या दोघांचं दबक्या आवाजात सुरू झालं होतं.

"उद्या गाडी जाऊ दे," बाबा म्हणत होते. "वासरं एकदा गेली की मी स्वतः जाऊन सांगतो. देवाशपथ."

"ती कुणाच्या गोठ्यात जाणार?" मी नळ बंद करून विचारलं. "दुधाच्याच ना? मग तिथलं दूध कोण पिणार? तिथल्या बाटल्या कोण धुणार?"

"एक दिवसाने काय फरक पडतो?"

"चिमणीला विचारा."

 आई हळूच म्हणाली, "पण राणी, शाळेत सगळे म्हणतील तुझ्याच घरून... तू आत्ता कुठे बोलायला लागलीस गं. पुन्हा मान खाली घालून बसशील."

मला तिचं म्हणणं समजलं.  उद्या सगळे कुजबुजतील, ढोलच्या कुजबुजीने तर कहरच होईल. कपाचं कुणी नाव काढणार नाही. 'तिच्या सत्काराच्या दुधाने' एवढंच राहील. पण आवाज काही बसला नाही. उलट ओट्याजवळ उभी राहून, दोघांच्या तोंडाकडे बघत, मी स्पर्धेत बोलले होते त्याहून स्पष्ट बोलले.

"मी आत्ता आरोग्य केंद्रात चाललेय. मॅडम अजून असतील. ही बाटली त्यांना देणार, ड्रिलचं सांगणार, मखमलचं सांगणार, आणि कॅन्टीनच्या मावशींचा यात काही संबंध नाही हेही सांगणार. बाबा, गाडीवाल्याला फोन करून उद्या येऊ नको म्हणा. नाही केलात तर त्याचंही मी मॅडमना सांगेन. ड्रिलला कुणी हात लावायचा नाही, त्या येऊन बघतील. आणि आई, तू येणार असशील तर चप्पल घाल. मी फाटकाशी थांबते."